मोहिनीचा हातभार

वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत आमच्या गल्लीत मोहिनी भोयर राहते. तिच्या घरावर कसलाही बोर्ड नाही. तिचा धंदा नेमका काय, हे गल्लीत फारसं कुणाला सांगता येणार नाही. कुणाला वाटतं ती ऑनलाइन साड्या विकते, कुणाला वाटतं विम्याचं काम करते, कारण दिवसभर तिच्या कानाला फोन असतो आणि चेहरा उतरलेला असतो. मला तिचा धंदा ठाऊक आहे, कारण तिचं पहिलं गिऱ्हाईक मी.

मी टायपिंग करतो. कॉलेजातल्या पोरांचे प्रबंध, संस्थांच्या स्मरणिका, एखाद्या हौशी निवृत्त साहेबाचं आत्मचरित्र. पूर्वी अशा माणसाला घरी टायपिंग करणारा म्हणत. आता माझा भाचा मला फ्रीलान्सर म्हणतो. फ्रीलान्सर म्हणजे ज्याला पगार नाही आणि रविवारही नाही, एवढं मी अनुभवानं सांगू शकतो.

मोहिनी बारा वर्षं वर्ध्यातल्या एका छापखान्यात कॉम्प्युटरवर होती. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं. लॉकडाऊनमध्ये लग्नंच थांबली आणि मालकानं एकदा खाली ओढलेलं शटर पुन्हा वर केलं नाही. तिथले चौघे चार घरांत गेले, प्रत्येकानं आपापला कॉम्प्युटर मांडला. पुढे लग्नं जोरात सुरू झाली तेव्हा या चौघांना सीझनमध्ये जेवायला फुरसत मिळेना. आणि तिकडे अल्लीपूर, देवळी आणि आजूबाजूच्या खेड्यांत कॉम्प्युटरचे कोर्स केलेल्या पोरी आणि सुना सर्टिफिकेट कपाटात ठेवून बसलेल्या. हे सगळ्यांनाच दिसत होतं. मोहिनीला ते नुसतं बघत बसवलं नाही, एवढाच काय तो फरक.

तीन वर्षांपूर्वी एका संस्थेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका माझ्या गळ्यात पडली. तीनशे पानं, सगळं हस्तलिखित, मुदत नऊ दिवस. नाही म्हणायची हिंमत होत नाही, ही माझी जुनी खोड. पाचव्या दिवशी मी मोहिनीच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि रडायचंच तेवढं बाकी ठेवलं. ती पोळ्या करत होती. तिनं तवा उतरवला, आत जाऊन तीन फोन केले आणि बाहेर येऊन म्हणाली, "काकाजी, पानांचे फोटो काढून मले पाठवा. परवा सकाळी भेटन तुमाले."

परवा सकाळी सगळं टाइप होऊन आलं, आणि माझ्यापेक्षा स्वच्छ. कोणी केलं म्हणून विचारलं तर म्हणाली, "ते तुमी नाई इचारायचं."

तिथून तिचा 'हातभार' सुरू झाला. हे नावही तिनंच दिलं, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपला काहीतरी नाव द्यावं लागतं म्हणून. माझ्यासारखे टायपिंगवाले, पत्रिका करणारे, अल्बम करणारे, बॅनर करणारे, ज्याच्या अंगावर काम जास्त झालं तो मोहिनीला पाठवतो. ती ते खेड्यातल्या कुणाला तरी देते, झालं की तपासते आणि परत पाठवते. मधल्या मध्ये तिला थोडं सुटतं. ते किती, मी कधी विचारलं नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघून वाटतं, ते फार नसावं.

दोन शब्द तिनं पहिल्या दिवशीच दिले होते. एक आम्हाला: तुमच्या गिऱ्हाइकाला कधीच कळणार नाही की काम दुसऱ्या कुणी केलं. आणि एक पोरींना: तुमचं नाव कधी बाहेर जाणार नाही, चुकलं तर चूक माझी. दुसरा शब्द पोरींच्या सासरच्यांनाही आवडला. सून घरात बसून काम करते हे चालतं, तिचं नाव देवळीच्या चौकात कुणी घेतलेलं चालत नाही. आणि पहिला शब्द मला आवडला, हे कबूल करायला हरकत नाही. माझं टायपिंग फार सुबक झालंय असं लोक म्हणतात तेव्हा मी मान खाली घालून हसतो.

हा धंदा बसून करायचा असला तरी मी मोहिनीला बसलेली फार कमी वेळा पाहिली. एका कानाला, "हो दादा, संध्याकाळपर्यंत होऊन जाते," आणि फोन ठेवते न ठेवते तोच दुसऱ्या पोरीला, "झालं का वं? मंग काऊन नाई पाठवून राह्यली?" पोरीच्या घरी लाइट गेलेली, लॅपटॉप दिरानं नेलेला, बाळाला ताप. दादाला यातलं काही सांगायचं नाही, कारण दादाच्या हिशेबानं ही पोरगी जगातच नाही. दोन्हीकडचं ऐकून घ्यायचं आणि दोन्हीकडे निम्मंच सांगायचं. तिची मान दुखते, डोळ्याखाली काळं आलंय. नवरा कारखान्यात पाळीवर, त्याची झोप मोडू नये म्हणून ती मे महिन्यातही ओट्यावर येऊन फोन घेते.

तिच्याकडचं निम्मं काम देवळीच्या कैलासचं होतं. कैलास बॅनर करतो. हात चांगला, पण येईल ते काम घेतो आणि मग मोहिनीच्या जिवावर झोपतो. त्याच्या कामावर सहा पोरींची घरं थोडीफार हलकी होत होती. ते काम गेलं असतं तर मोहिनीचा हातभार अर्धा मोडला असता, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

यंदा एप्रिलच्या शेवटी देवळीकडच्या एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता. त्यांना सगळे भाऊच म्हणतात, आपणही भाऊच म्हणू. तुम्ही चौकात अशा वाढदिवसाचे बॅनर पाहिले असतील. मधोमध हात जोडलेले भाऊ. वर त्यांच्याही वरच्यांचे गोल चेहरे. आणि खाली शुभेच्छुकांच्या दोन ओळी, पासपोर्ट फोटोएवढ्या. गावाचं सगळं राजकारण त्या दोन ओळींत असतं. कोण वरच्या ओळीत, कोण खालच्या, कोण भाऊंच्या किती जवळ, हे ठरलेलं असतं आणि कुठंही लिहिलेलं नसतं.

हे मला नंतर कळलं, पण कैलासचे बॅनर पौर्णिमा नावाची पोरगी करायची. तिला ही सगळी उतरंड पाठ होती. ती बाळंतपणाला माहेरी गेली. म्हणून मोहिनीनं बावीस फोटो आणि नावं अल्लीपूरच्या सुरभीला पाठवली. सुरभी तिच्याकडची सगळ्यांत हुशार पोरगी, पण तिनं आजवर फक्त लग्नपत्रिका केलेल्या. पत्रिकेत आमच्याकडे घरातलं सगळ्यांत म्हातारं माणूस सगळ्यांच्या वर, मग मोठे काका, मग वयानं उतरत बाकीचे. एखाद्या म्हाताऱ्याचं नाव खाली गेलं तर तो मांडवात पाय ठेवत नाही. सुरभीला हे सांगावं लागत नाही, आणि बॅनरचं वेगळं असतं हे तिला कुणी सांगितलं नाही. मोहिनीला सांगायचं होतं. त्याच वेळी तिच्या फोनवर दुसरे दोन फोन येत होते. राहून गेलं.

बॅनर झाला, मोहिनीनं त्यातली नावं तेवढी तपासली, कैलासनं मोबाईलच्या एवढ्याशा काचेवर पाहिला आणि तसाच छापायला पाठवला. वाढदिवसाच्या सकाळी तो चौकात लागला.

साडेनऊला कैलासचा फोन आला तेव्हा मी तिथंच होतो, पानं घेऊन गेलेलो. मोहिनी कूलरमध्ये पाणी भरत होती, म्हणून तिनं फोन स्पीकरवर ठेवला.

"ताई, कोनं केला हा बॅनर? डोमाजीले टाकलं ना वर. भाऊच्या बाजूले. फोटो मोठा, अन् नावासमोर आदरणीय. भाऊचा चुलतभाऊ खाली कोपऱ्यात."

"डोमाजी कोन?"

"कोनी नाई. म्हातारा आहे. सभेच्या सतरंज्या टाकते, खुर्च्या लावते. तीस वर्षांपासून तेच करून राह्यला. एकवीसच फोटो होते ताई, दोन ओळी बरोबर होत नव्हत्या, म्हणून भाऊचा पोरगा म्हणे टाका डोमाजीलेबी."

मोहिनीनं बादली खाली ठेवली. "चूक माही आहे. मीच सांगतलं नाई पोरीले. आता काय करायचं?"

"काही नाई करायचं," कैलासचा आवाज एकदम हलका झाला. "लोक म्हणून राह्यले का डोमाजीनंच पैसे देऊन फोटो वर टाकून घेतला. मले इचारलं तं मीबी हाव म्हटलं. त्याले हाकलून देल्लं मांडवातून, उद्यापासून येऊ नको म्हणे. आपल्यावर काही आलं नाई. तुमी फक्त चूप राहा."

फोन बंद झाला. मोहिनीनं कूलर लावला आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसली. वारा तिच्या तोंडावर येत होता, पण तिला तो लागत नसावा.

मी म्हटलं, "जाऊ दे. चार दिवसांत विसरतील सगळे." हे मी डोमाजीसाठी म्हटलं नव्हतं आणि मोहिनीसाठीही नव्हतं. तिनं तिकडे जाऊन खरं सांगितलं तर हातभाराचं बिंग फुटणार. कैलासचं फुटलं की उद्या कुणीतरी माझ्याकडेही बघून विचारणार, काका, प्रबंध तुम्हीच टाइप केला ना? मला माझी काळजी होती. म्हातारपणी माणूस थोडा भित्रा होतो म्हणतात, पण मी तरुणपणीही असाच होतो.

तेवढ्यात सुरभीचा मेसेज आला. ताई, बॅनर लागला असन तं फोटो पाठवजा ना. मोहिनीनं तो वाचला आणि फोन उलटा ठेवला.

"काकाजी, मी लय थकली," ती म्हणाली.

"म्हणून तर म्हणतो, नको त्या फंदात पडू."

"थकली म्हणूनच जातो. रोज याचं त्याले सांगायचं नाई, त्याचं याले सांगायचं नाई. सगळं डोक्यात ठेवून फिरतो मी. आता हे अजून एक ठेवायले जागा नाई."

तिनं ओढणी तोंडाला बांधली आणि स्कूटर काढली. एकटीला जाऊ देणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी डोक्याला दुपट्टा गुंडाळून मागे बसलो. वाटेत ऊन असं होतं की तोंड उघडावंसं वाटत नव्हतं.

चौकात बॅनर अजून होता. मी तो नीट पाहिला. पोरीनं काम सुंदर केलं होतं. पांढरी टोपी, बारीक मिशा, कॅमेऱ्याकडे बघताना थोडा बावरलेला म्हातारा, भाऊंच्या खांद्याला लागून. कुणाला माहीत नसतं तर भाऊंचे वडीलच वाटले असते. दोघं जण शिडी लावून तो काढायच्या तयारीत होते.

भाऊ मांडवात खुर्चीवर बसले होते, आजूबाजूला दहा-बारा माणसं. कैलासही होता. मोहिनीला बघून त्यानं मान फिरवली. डोमाजी मांडवाबाहेर एका ट्रॉलीच्या सावलीला उभे होते. हाकलल्यावरही घरी गेले नव्हते.

मोहिनीनं तोंडावरची ओढणी सोडली. तिचा आवाज काही मोठा नाही, पण तेव्हा सगळे गप्प झाले.

"भाऊ, तो बॅनर माह्याकडे झाला. फोटो कसे लावायचे ते मी सांगायचं विसरली. चूक माही आहे. या बाबाइनं कोनाले पैसे नाई देल्ले, त्याइले काही माहीत नाई."

भाऊंनी तिच्याकडे बघितलं, मग कैलासकडे. "काऊन रे? तू तं म्हणे तो तुह्याकडे आलता?"

कैलासनं खिशातला मोबाईल काढला आणि परत ठेवला.

"अन् बॅनर तू नाई करत? बायाइकडून करून घेते अन् आमाले सांगते मी केला?" भाऊ हसले, तसे बाकीचेही हसले. "मले वाटतच होतं राजा. डोमाजीपाशी कुठचे पैसे? अन् असले तरी त्याले काय करायचं वर जाऊन?" पुन्हा हसले सगळे. मग भाऊंनी ट्रॉलीकडे हात केला. "डोमाजी, जा बाबा, संध्याकाळच्या खुर्च्या पाहून घे."

एवढ्यावर मिटलं. ज्याच्यासाठी आम्ही अठरा-वीस किलोमीटर उन्हात आलो होतो ते दोन मिनिटांत, हसण्यावारी मिटलं. मला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच स्वतःचा रागही आला. त्या हसण्यापेक्षा सकाळचा आळ बरा होता.

बाहेर कैलासनं आम्हाला गाठलं. "ताई, काय भेटलं तुमाले हे करून? माहं गिऱ्हाईक गेलं हातचं." आणि म्हणाला, "आजपासून माहं काम नाई पाठवणार तुमाले."

"नको पाठवू," मोहिनी म्हणाली. भांडायचं तिच्यात त्राण नव्हतं. सहा पोरींना काय सांगायचं, हेच ती मनात जुळवत असणार.

आम्ही स्कूटरकडे चाललो तेव्हा डोमाजी मागून आले. जवळून ते बॅनरपेक्षा बरेच लहान दिसत होते. टोपी काढून त्यांनी घाम पुसला.

"बाई, काऊन आल्या एवढ्या उन्हाच्या?"

"तुमच्यावर आळ आलता ना बाबा."

"आळ आलता," ते म्हणाले. "पण सकाळी मी पाह्यला ना फोटो. किती वेळ चौकात उभा होतो. म्हटलं, तीस वर्षांनी भाऊच्या ध्यानात आलं. मंग ते पोट्टे मले हाकलून राह्यले होते तवाबी मी मनात म्हणो, भाऊनंच टाकला असन, चारचौघात सांगत नसन." त्यांनी हातातली टोपी झटकली. "आता तुमी येऊन सांगतलं. तं समजलं."

मोहिनीचे डोळे भरून आले, आणि ती ओढणीच्या टोकानं तोंडावरचा घाम पुसायचं निमित्त करू लागली. मला वाटलं, आपण घरी कूलरसमोर बसून राहिलो असतो तर या माणसाचं काम गेलं असतं, पण सकाळची ती समजूत तरी राहिली असती. यातलं कमी वाईट कोणतं, मला अजूनही सांगता येत नाही.

"मंग टाकला कोनं?" डोमाजींनी विचारलं.

तीन वर्षांत मोहिनीनं हे उत्तर कुणालाच दिलं नव्हतं, मलाही नाही. ती म्हणाली, "सुरभी म्हणून पोरगी आहे. अल्लीपूरची. ती पत्रिका करते. तिनं तुमाले कधी पाह्यलं नाई. फोटोइत सगळ्याइत मोठं माणूस कोन ते पाह्यलं, अन् वर टाकलं."

"अल्लीपूरची," डोमाजी म्हणाले. त्यांनी दोनदा मान हलवली. "तिले सांगजा, काम बरोबर केलं म्हणा." आणि टोपी परत डोक्यावर ठेवत म्हणाले, "पण आता नको करू म्हणा."

ते खुर्च्यांकडे गेले. चालताना त्यांनी शिडीवरच्या माणसांकडे बघितलं नाही.

घरी आलो तेव्हा दोन वाजून गेले होते. मी माझ्या घरी जायला हवं होतं, पण पाय निघेना, म्हणून ओट्यावर टेकलो. मोहिनीनं माठातलं पाणी दोघांना आणलं आणि चपला न काढताच सुरभीला फोन लावला. भाऊ, हसणं, कैलास, यातलं तिनं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "ज्याइचा फोटो तू वर टाकला ना, ते बाबा भेटले मले. काम बरोबर केलं म्हणे तू."

तिकडून सुरभीचा आनंदी आवाज ओट्यापर्यंत आला. मोहिनीनं तिला बोलू दिलं. मग म्हणाली, "पण आता बॅनर असला का आधी मले इचारत जाय. कोन कुठं ते मी लिहून देत जाईन."

"काऊन ताई? म्हाताऱ्या माणसाले मंग कुठं टाकू?"

मोहिनीनं डोळे मिटून कपाळ चोळलं. "खालच्या ओळीत. शेवटी."

सुरभीनं विचारलं, "अन् पत्रिकेत?"

"पत्रिकेत वरच ठेवजो," मोहिनी म्हणाली, आणि फोन तसाच हातात धरून माझ्याशेजारी ओट्यावर बसली.